आधी बंपर उघडा, मग रक्कम बोला: भांडुपच्या एका ठोकरीचं प्रकरण

जुलैतला शुक्रवार, संध्याकाळचे सात. भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो चारच्या कामाचे पत्रे लागलेले, रस्ता निम्मा उरलेला, त्यात पाऊस. पुढे सहा वर्षांची वॅगनआर, कंपनी फिटेड सीएनजीवाली. मागे तीन वर्षांची बलेनो. वॅगनआरच्या पुढच्या रिक्षाने पॅसेंजर दिसताच ब्रेक मारला. वॅगनआर थांबली, बलेनो थांबता थांबता लागली. वेग पंधरा-वीसच्या वर नसेल.

वॅगनआरचा मागचा बंपर उजवीकडून आत गेला, उजवा टेललॅम्प फुटला, डिकीच्या दरवाजाला पोचा आला. बलेनोची पुढची जाळी तुटली, नंबरप्लेट वाकली, बंपरवर ओरखडे उठले. वॅगनआर चालवणारे गृहस्थ नोकरीतून निवृत्त झालेले, मागच्या सीटवर त्यांची पत्नी. बलेनो चालवणाऱ्या बाई ऐरोलीच्या ऑफिसातून घरी चाललेल्या. नावांची गरज नाही. रस्त्यावर ते एकमेकांना काका आणि ताई म्हणत होते, इथेही तेच ठेवतो.

मी बरीच वर्षं मोटार-सर्व्हेचं, म्हणजे विम्यासाठी गाड्यांचं नुकसान मोजण्याचं, काम केलं आहे आणि ताईंच्या सासऱ्यांची माझी जुनी ओळख. म्हणून हे प्रकरण पहिल्या अर्ध्या तासातच फोनवरून माझ्यापर्यंत आलं.

रस्त्यावरची बोलणी

पहिले दोन संवाद नेहमीचेच. काका म्हणाले, "ताई, मागून ठोकलंत तुम्ही." ताईंनी नाकारलं नाही. "हो काका, माझ्याकडूनच लागली. पण तुमचा इन्शुरन्स आहे ना? क्लेम होऊन जाईल."

"माझा इन्शुरन्स मी का वापरू?"

या प्रश्नाला रस्त्यावर कुणाकडेच उत्तर नसतं. मागून हॉर्नचा धोशा सुरू होता, ट्रॅफिक हवालदार "आधी गाड्या बाजूला घ्या" म्हणत होता, आणि अशा वेळी कुठून तरी उगवणारा एक मध्यस्थ इथेही उगवला. त्याने दोन्ही गाड्यांकडे एक नजर टाकली आणि निकाल दिला, "पाच हजार द्या, विषय संपवा." काकांना पाच हजार बरे वाटले. ताईंना तर स्वस्तच वाटले. त्यांनी यूपीआय उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्यांच्या नवऱ्याने मला फोन लावला.

मी एवढंच सांगितलं की आज एक रुपयाही द्यायचा नाही आणि एक रुपयाही नाकारायचा नाही. दोन्ही गाड्यांचे फोटो काढा, नंबरप्लेट दिसेल असे लांबून आणि मार दिसेल असे जवळून. एकमेकांच्या लायसन्सचे, आरसीचे आणि पॉलिसीचे फोटो घ्या. पॉलिसी जवळ नसेल तर एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. दोघांचेही विमे चालू निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये भेटायचं ठरलं. काकांना थोडा संशय आला. "उद्या फोन उचलला नाहीत तर?" ताईंनी स्वतःच्या फोनवरून तिथल्या तिथे त्यांना व्हॉट्सअॅपवर लिहिलं: तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, आणि "उद्या दहाला गॅरेजमध्ये येते". चूक कुणाची, हे त्या मेसेजमध्ये नव्हतं. ते का नव्हतं, ते पुढे येईल.

"क्लेम करा ना" म्हणजे कुणाच्या खिशातून

मला हे वाक्य आवडत नाही. ऐकायला ते समंजस वाटतं, पण ज्याला ठोकलं त्यालाच बिल देणारं वाक्य आहे ते.

कागदावरची व्यवस्था चांगली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा) प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे, आणि खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. म्हणजे काकांच्या बंपरचे पैसे ताईंच्या विमा कंपनीने द्यायला हरकत नाही, आणि थर्ड पार्टी क्लेममुळे ताईंचा नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जात नाही, कारण तो बोनस फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर असतो. पण त्यासाठी काकांनी पोलिसांत तक्रार नोंदवायची, सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज करायचा, वकील लावायचा आणि तारखा घ्यायच्या. एका बंपरसाठी कोण जातं? कुणी जात नाही. मग ठोकर खाल्लेला माणूस स्वतःच्या पॉलिसीतून ओन डॅमेजचा क्लेम करतो, स्वतःचा बोनस घालवतो, आणि ठोकणारा "मिटलं" म्हणून घरी जातो.

काकांचं या हिशेबात नक्की किती जात होतं, हे कळायला आधी बंपर उघडावा लागला.

गॅरेजमध्ये

शनिवारी सकाळी मिस्त्रीने बाहेरून बघून "सहा-सात हजार" म्हटलं. मग बंपर काढला. बंपरच्या मागचा पत्रा दोन बोटं आत आला होता, त्यामुळे डिकी लावताना उजवीकडे घासत होती. क्लिपा तुटल्या होत्या, एक ब्रॅकेट वाकला होता. बाहेरून यातलं काहीच दिसत नव्हतं, कारण प्लॅस्टिकचा बंपर मार खाऊन पुन्हा बराचसा जागेवर येतो आणि आतलं झाकून टाकतो.

खरी काळजी सिलिंडरची होती. सीएनजीवाल्या वॅगनआरमध्ये सिलिंडर डिकीतच, मागच्या सीटच्या पाठीशी, लोखंडी फ्रेमवर बसवलेला असतो. मागून लागलेल्या गाडीत ती फ्रेम, तिचे बोल्ट आणि गॅसची नळी बघितल्याशिवाय रक्कम बोलणं मला मान्यच नाही. मुंबईत सीएनजीवर चालणाऱ्या खासगी गाड्या इतक्या आहेत, तरी रस्त्यावरच्या मांडवलीत या गोष्टीचा उल्लेख मी क्वचितच ऐकतो. डेंटिंगवाल्या मिस्त्रीने हे काम अंगावर घेतलं नाही, ते त्याने बरंच केलं. गाडी सीएनजी किटचं काम करणाऱ्याकडे नेली. फ्रेमचा एक बोल्ट सैल झाला होता, नळी शाबूत होती, गळती नव्हती. त्याने बोल्ट बदलून, सगळं पुन्हा कसून, गळती तपासून दिली. (सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी लागते, ती काकांनी वेळेत केलेली होती. बाहेरून किट बसवलेल्यांनी एक आणखी बघावं: किटची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर आहे ना. नसेल तर अशा वेळी विम्याचा रस्ता मुळातच खडबडीत होतो.)

सगळं धरून एस्टिमेट असं झालं: नवा बंपर २,६००, त्याचा रंग २,८००, डिकीच्या दरवाजाचं डेंटिंग-पेंटिंग ४,५००, टेललॅम्प १,९००, क्लिपा आणि ब्रॅकेट ६००, मागचा पत्रा ओढून सरळ करणं २,२००, सीएनजीचं काम १,५००, खोल-फिटची मजुरी १,२००. एकूण १७,३००.

रस्त्यावर पाच हजारांत संपला असता तो हा विषय.

हिशेब, दोन्ही बाजूंनी

काकांची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह होती, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही; झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जोड, नव्हतं. त्यांनी क्लेम केला असता तर प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (भाग जुना झाल्याची कपात) कापला गेला असता: बंपरचे १,३००, लॅम्पचे ९५०, क्लिपा-ब्रॅकेटचे ३००. रंगकामाच्या एकूण बिलातला एक चतुर्थांश भाग रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा लावतात. बंपरचा रंग आणि दरवाजाच्या कामातला रंगाचा वाटा मिळून ५,८०० च्या रंगकामावर ते ७२५ होतात. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला हजाराची सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची रक्कम. म्हणजे ४,२७५ रुपये काकांच्या खिशातून पहिल्या दिवशीच.

त्यानंतर बोनस. काका ५० टक्क्यांवर होते, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवर. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य, आणि मग दर वर्षी २०, २५, ३५, ४५ असं चढत पुन्हा पन्नासवर यायचं. त्यांचा ओन डॅमेजचा हप्ता बोनसआधी सुमारे ७,००० होता आणि गाडीची किंमत उतरते तसा तो उतरत जाईल असं धरलं, तर पाच वर्षांत मिळून सुमारे ८,००० रुपये जास्त भरावे लागले असते. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास.

बेरीज केली तर १७,३०० च्या कामात काकांचे स्वतःचे पावणेचौदा हजारांच्या घरात जात होते. दुसऱ्याने मारलेल्या ठोकरीसाठी! "माझा इन्शुरन्स मी का वापरू?" या त्यांच्या प्रश्नात किती दम होता हे त्यांनाही तेव्हा कळलं. आतापर्यंत ते तत्त्वाचं म्हणून भांडत होते.

ताईंची बाजू वेगळी. त्यांच्या गाडीचं काम ५,८०० चं. त्यांचं झिरो डेप होतं, त्यामुळे हजाराची वजावट जाऊन ४,८०० मिळाले असते. पण त्या ३५ टक्क्यांवर होत्या, पुढच्या वर्षी ४५ वर जाणार होत्या. ओन डॅमेजचा हप्ता ९,००० धरून तोच पाच वर्षांचा हिशेब मांडला तर जीएसटीसकट साधारण साडेअकरा हजारांचं नुकसान. ४,८०० साठी साडेअकरा हजार घालवायचे नाहीत, हे सांगायला सर्व्हेयर लागत नाही. स्वतःच्या गाडीचं काम त्यांनी स्वतःच्या पैशाने करायचं ठरवलं.

हेच नुकसान साठ-सत्तर हजारांचं असतं, तर मी दोघांनाही विम्याच्या रस्त्यावर ढकललं असतं. बोनसचं नुकसान ठरावीक असतं, दुरुस्तीला मात्र वरची मर्यादा नाही.

नवा बंपर कुणाच्या पैशाने

ताईंचे मिस्टर हिशेबाला पक्के. त्यांनी विचारलं की विमा कंपनी सहा वर्षांच्या बंपरचे निम्मेच पैसे देते, तर आम्ही पूर्ण का द्यायचे? आणि टेललॅम्प कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना, चांगल्या स्थितीतला निम्म्या किमतीत मिळेल, तो का नको?

काका उसळले. "माझा लॅम्प फुटला नव्हता. तुम्ही फोडलात. मला भंगारातला नको."

माझं मत काकांच्या बाजूचं होतं आणि मी ते तसं सांगितलं. घसारा हा विमा कंपनी आणि तिचा ग्राहक यांच्यातला करार आहे. काकांनी कमी हप्ता भरून तो पत्करला होता. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला त्या कराराचा फायदा का मिळावा? लॅम्प नवाच.

बंपरचं मात्र वेगळं निघालं. मिस्त्रीने काढलेला बंपर उलटा करून दाखवला, तर डाव्या कोपऱ्यात आतून जोडलेली जुनी भेग आणि वरून पुटी मारून रंगवलेलं. ती भेग या अपघातातली नव्हती, हे काकांनीही कबूल केलं. गेल्या वर्षी सोसायटीच्या खांबाला लागला होता. मग बंपरच्या किमतीतले निम्मे, १,३००, काकांनी सोसायचे ठरले. ताईंकडे राहिले १६,०००.

इथे दोघांचंही वागणं मला आवडलं. तेराशे रुपयांवरून दोन भली माणसं तासभर भांडताना मी पाहिली आहेत. इथे दहा मिनिटांत चहा आला.

काकूंची मान

या सगळ्यात एक गोष्ट रकमेपेक्षा मोठी होती. शनिवारी सकाळी काकू उठल्या तेव्हा त्यांची मान आखडलेली होती. शुक्रवारी रात्री त्यांना काहीही होत नव्हतं. मागून लागलेल्या धक्क्यात मान झटक्याने मागे-पुढे होते आणि दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी वर येतं. काका म्हणत होते, "होईल बरं, कागद करून टाकू." मी कागद थांबवला.

नुसत्या पत्र्याचं नुकसान आपसात मिटवता येतं. माणसाला लागलं असेल तर तो विषय खासगी राहत नाही. कायद्याने चालकावर जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी आहे, थर्ड पार्टीच्या शारीरिक इजेला पॉलिसीत साडेसात लाखांसारखी मर्यादा नाही, आणि निष्काळजीपणे गाडी चालवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं २८१ कलम आहे. दोघांनी सही केलेल्या साध्या कागदाने त्यातली फौजदारी बाजू पुसली जात नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड ठीक, स्नायू ताणलेला, गोळ्या आणि विश्रांती. फी आणि औषधांचे पैसे ताईंनी न मागता दिले, आणि ते १६,००० मध्ये धरायचे नाहीत हे त्यांनीच सांगितलं. कागद सोमवारवर गेला. तोवर काकूंना आराम पडला होता.

पोलीस आणि विमा कंपनी

"खासगीत मिटवायचं" म्हणजे कुणालाच कळवायचं नाही, अशी सर्रास समजूत आहे. मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम तसं म्हणत नाही. कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकाने पोलीस मागतील ती माहिती द्यायची. जागेवर पोलीस नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांच्या आत, कळवायचं. आणि आपल्या विमा कंपनीला घटनेची माहिती लेखी द्यायची. लहानसहान घासाघाशीत हे कुणी करत नाही, हे मला माहीत आहे. पण इथे एक माणूस डॉक्टरकडे गेला होता.

जागेवर हवालदार होता, पण त्याने लिहून काहीच घेतलं नव्हतं. म्हणून शनिवारी दुपारी, चोवीस तास उलटायच्या आत, दोघं एकत्र पोलीस ठाण्यात गेले. ड्युटीवरच्या अंमलदाराने पहिला प्रश्न विचारला तो, "कुणाला लागलंय?" काकांनी मानेचं सांगितलं, डॉक्टरांचा कागद दाखवला, तक्रार नाही म्हणाले. स्टेशन डायरीत नोंद झाली. भांडणाऱ्या दोघांऐवजी एकत्र आलेले दोघं पाहून अंमलदाराला थोडी गंमत वाटली असावी.

विमा कंपनीचं प्रकरण नाजूक आहे. मोटार पॉलिसीच्या प्रमाणित अटींमध्ये एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. ती अट वाचलेला मोटारमालक मला फार कमी वेळा भेटला. आपण "माझी चूक, मी सगळं भरून देते" असं लिहून दिलं आणि पुढे प्रकरण वाढलं, तर कंपनी तोच कागद आपल्यासमोर धरू शकते. शुक्रवारच्या मेसेजमध्ये कबुली नव्हती ती यासाठी. ताईंनी आपल्या कंपनीला ईमेल केला: अमुक दिवशी किरकोळ अपघात झाला, ओन डॅमेजचा क्लेम करत नाही, माहितीसाठी कळवत आहे. पैसे देऊन मिटवलं की या घटनेपुरता थर्ड पार्टी विम्याचा आधार जवळपास सुटला, हे मी त्यांना सही करण्याआधी स्पष्ट सांगितलं होतं. १६,००० साठी त्यांना ते चालणार होतं.

कागद आणि पैसे

समजुतीचा कागद एका पानाचा. अपघाताची तारीख, वेळ, जागा, गाड्यांचे नंबर. "बलेनो पुढील वॅगनआरला लागली" एवढंच वर्णन, दोष कुणाचा याबद्दल शब्द नाही. एस्टिमेटची प्रत जोडलेली. ताई १६,००० देतील, ते वाहनाच्या नुकसानीपोटी पूर्ण आणि अंतिम. शारीरिक इजेचा विषय या कागदात धरलेला नाही, असं वेगळं वाक्य. आणि काका याच नुकसानीसाठी स्वतःच्या विमा कंपनीकडे क्लेम करणार नाहीत. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. एका बंपरचे पैसे दोन ठिकाणांहून घेणं ही विमा कंपनीची फसवणूक आहे, आणि तो मोह मी चांगल्या घरांतही पाहिला आहे.

रोख द्यायची नाही, हे ठरलेलंच होतं. ८,००० सोमवारी यूपीआयने थेट गॅरेजला, रिमार्कमध्ये गाडीचा नंबर लिहून. उरलेले ८,००० काम पाहून काकांनी हो म्हटल्यावर. पैसे गॅरेजला थेट गेल्यामुळे "काम न करता पैसे ठेवले" हा नेहमीचा संशय उरला नाही, आणि मिस्त्रीलाही दुसऱ्या हप्त्यासाठी काम नीट करावं लागलं.

गुरुवारी गाडी मिळाली. डिकी आता घासत नव्हती, गॅसचा वास नव्हता. एकच तक्रार: उन्हात बघितलं की डिकीच्या दरवाजाचा चंदेरी रंग बाजूच्या पत्र्यापेक्षा किंचित गडद दिसायचा. सिल्व्हर रंगात हे होतंच, सहा वर्षं उन्हात राहिलेल्या रंगाशी नवा रंग तंतोतंत जुळत नाही. काकांनी ताईंना फोन केला, ताईंनी मला. मी काकांना म्हटलं की हा विषय आता तुमचा आणि मिस्त्रीचा. ताईंचा दुसरा हप्ता अजून बाकी आहे, तेवढा जोर तुमच्या हातात आहे. मिस्त्रीने दरवाजा पुन्हा घासून, कडेच्या पत्र्यावर रंग थोडा पसरवून, पॉलिश मारून दिला आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. शनिवारी ताईंनी उरलेले ८,००० पाठवले.